घोडा कुठला का येईना, भाव हलला पाहिजे

इंग्लंडला असताना मी घोड्यांच्या रेसच्या भावात ट्रेडिंग करायचो हे आमच्या सांगलीत आता बऱ्याच जणांना कळलंय, आणि आयपीएल आली की कुणी ना कुणी विचारतंच, ते बिनरिस्कचं काय करत होतास रे, आम्हाला पण सांग की. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. बिनरिस्क काय नसतं. कमी रिस्क असतं, ते पण विशिष्ट ठिकाणी, विशिष्ट वेळेला, आणि त्यात मिळतं पण कमीच.

आधी सांगतो की तिकडं हे कायदेशीर आहे. गॅम्बलिंग कमिशनचं लायसन्स असतं, बाजारपेठेत सरळ बोर्ड लावून बेटिंगची दुकानं असतात, म्हातारी माणसं सकाळी पेपर वाचत तिथं बसलेली असतात. आपल्याकडचा विषय वेगळा आहे, त्यावर पुढं येतो.

मी कंपनीच्या कामानं गेलतो, वुल्व्हरहॅम्प्टनला. घरात आम्ही चारजण भाड्यानं राहायचो, त्यातला एक कराडचा, त्याला सगळे कराडकरच म्हणायचे. हे प्रकरण मुळात त्याचं. तो रोज रात्री जेवण झालं की लॅपटॉप उघडून कायतरी एक्सेल भरत बसायचा, मला वाटायचं ऑफिसचं काम. एकदा बघितलं तर बुकमेकर लोकांच्या फ्री बेटा होत्या सगळ्या.

ते असं असतंय. बुकमेकर नवीन गिऱ्हाईक ओढायला फ्री बेट देतो. समजा २० पौंडाची दिली. ती ५.० भावाच्या (म्हणजे १ पौंडाला मुद्दलासकट ५) घोड्यावर लावली तर घोडा आल्यावर ८० मिळणार, कारण फ्री बेटची मूळ रक्कम परत येत नाही, आणि नाही आला तर शून्य. इथपर्यंत हा जुगारच झाला. पण त्याच वेळेला बेटफेअरच्या एक्स्चेंजवर (गिऱ्हाइकं आपसात पैजा लावतात ती वेबसाइट) तोच घोडा ५.२ ला खायचा, म्हणजे आपणच बुकी व्हायचं आणि समोरच्याला सांगायचं की लाव तू, नाही आला तर तुझे पैसे माझे. आपल्याकडं लगाई-खाई म्हणतात तेच, तिथं बॅक आणि ले. १५.५३ पौंड खायचे. घोडा आला तर बुकमेकरकडनं ८० आले, एक्स्चेंजवर १५.५३ च्या ४.२ पट म्हणजे ६५.२३ गेले, हातात १४.७७. घोडा नाही आला तर बुकमेकरकडनं काय नाही पण एक्स्चेंजवरचे १५.५३ आपले, त्यातनं ५ टक्के कमिशन गेलं की १४.७५. म्हणजे घोडा येऊदे नाहीतर लंगडूदे, पावणेपंधरा पौंड ठरलेले. फक्त ते ६५ पौंड रेस संपेपर्यंत खात्यात अडकून पडतात, आणि पहिल्यांदा करताना त्या आकड्याकडं बघूनच माणूस घाबरतो.

ह्याला मॅच्ड बेटिंग म्हणतात आणि खऱ्या अर्थानं कमी रिस्क म्हणायचं तर हेच. चूक होते ती हातानं होते, घोड्यामुळं नाही. कराडकरनं एकदा विन मार्केटच्या ऐवजी प्लेस मार्केटमधे खाल्लं होतं, म्हणजे पहिला येण्याच्या ऐवजी पहिल्या तिनात येण्याचा सौदा, घोडा आला दुसरा आणि दोन्हीकडनं मार बसला. त्यादिवशी घरात त्याच्याशी कुणी बोललं नाही, भाजी पण त्यानं खारट केलती.

पण हे किती दिवस चालणार. बुकमेकर काय खुळे नसतात. फ्री बेट मिळाली की येतो, स्वतःच्या पैशानं कधी मूर्खासारखा लावत नाही, असला माणूस त्यांना लगेच ओळखू येतो. एका बुकमेकरचा मेल आला की तुम्हाला इथनं पुढं कुठली प्रमोशन नाही, दुसऱ्यानं लिमिट इतकी खाली आणली की त्यात चहा पण येणार नाही. तिथं ह्याला गब होणं म्हणतात. एकेक करून सगळीकडं आम्ही गब झालो. कराडकरनं एक्सेल बंद केलं आणि तो जिमला जायला लागला. मी एक्स्चेंजवर थांबलो.

एक्स्चेंज हाकलत नाही कारण त्याचं पोट वेगळ्या जागी आहे. बेटफेअर अँड्र्यू ब्लॅक आणि एडवर्ड रे ह्या दोघांनी २००० साली चालू केलं, कल्पना अशी की पैज दोन गिऱ्हाइकांमधे लागेल, कंपनी फक्त जिंकणाऱ्याच्या फायद्यातनं कमिशन घेईल. मग तुम्ही जिंका नाहीतर हरा, त्यांना फरक नाही. अगदीच फरक नाही असं पण नाही, जे लोक सतत जिंकतात त्यांच्यावर २००८ पासनं प्रीमियम चार्ज म्हणून वेगळी पट्टी बसवली, आणि २०११ ला मोठ्या मोठ्या खेळाडूंना ती ६० टक्क्यांपर्यंत नेली. आमची तिथपर्यंत मजल नव्हती त्यामुळं बघून सोडून दिलं.

खातं काढायला पासपोर्ट आणि पत्त्याला बँकेचं स्टेटमेंट लागलं. पैसे डेबिट कार्डानं भरायचे, क्रेडिट कार्डावर जुगार खेळायला तिकडं १४ एप्रिल २०२० पासनं बंदी आहे. ही बंदी आपल्याकडच्या किती घरांत हवी होती असं मला सारखं वाटायचं.

आता ट्रेडिंग म्हणजे नक्की काय. रेस सुरू व्हायच्या आधी घोड्याचा भाव हलत असतो. ३.५ ला लावला, भाव पडून ३.४ झाला, ३.४ ला खाल्ला, झालं. रेस सुरू व्हायच्या आत आपण मोकळे. कुठला घोडा येतोय ह्याच्याशी आपला संबंध नाही, मी तर बऱ्याच रेसचा निकाल पण बघायचो नाही. १०० पौंडाचा हिशोब सांगतो. ३.५ ला १०० लावले, ३.४ ला १०२.९४ खाल्ले. घोडा आला तरी २.९४, नाही आला तरी २.९४, कमिशन जाऊन २.७९. दोन्हीकडं हिरवं. आणि भाव उलटा गेला, ३.६ झाला, तर ९७.२२ खाऊन बाहेर पडायचं, २.७८ चा फटका, घोडा कुठला पण येऊदे. तोट्यावर कमिशन नसतं.

हे बघितल्यावर पहिल्यांदा वाटतं की अरे हे तर बरोबरीचं झालं, २.७९ मिळणार नाहीतर २.७८ जाणार. बरोबर, तसंच आहे. म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त वेळा बरोबर आलात तरच काय राहतं. समजा दहा रेसमधे सहा बरोबर आल्या आणि चार चुकल्या, तर १६.७४ आले, ११.१२ गेले, राहिले ५.६२. दहा रेस करायला दोन तास तर जातात. त्याच वेळेला तिकडं एकवीस वर्षांवरच्या माणसाची किमान मजुरी, २०२४ च्या एप्रिलपासनं, तासाला ११.४४ पौंड होती. म्हणजे सुपरमार्केटात डबे मांडले असते तर चौपट मिळाले असते. मग रक्कम वाढवायची, १०० च्या जागी ५००, पण ५०० समोरनं कुणीतरी घ्यायला पण पाहिजेत, लहान रेसमधे ते घेईपर्यंत भाव निघून जातो. हा हिशोब यूट्यूबवाले सांगत नाहीत.

शिकताना मी आधी नुसतं बघत बसलो. सॉफ्टवेअर असतं, बेट एंजल म्हणा, गीक्स टॉय म्हणा, त्यात प्रॅक्टिस मोड असतो, खोट्या पैशानं खऱ्या बाजारात करायचं. स्क्रीनवर लॅडर असते, मधे भावाची उभी रांग, एका बाजूला निळं, एका बाजूला गुलाबी, आणि प्रत्येक भावासमोर किती पैसा उभा आहे ते. एक क्लिक केलं की बेट लागली, विचारत पण नाही खात्री आहे का म्हणून. बहुतेक पैसा शेवटच्या दहा मिनिटात येतो. त्याआधी ३.५ समोर चाळीस पौंड, ३.५५ समोर साठ असलं कायतरी दिसतं, आणि रेसला पाच मिनिटं राहिली की बघता बघता हजारानं आकडे उभे राहतात, हलतात, गायब होतात. ३.५ वर कुणीतरी मोठा आकडा आणून ठेवतो, सगळ्यांना वाटतं आता भाव इथनं हलत नाही, आणि तुम्ही त्याच्या भरवशावर लावलं की तो आकडा पुसलेला असतो. तो खरा लावायला आलेलाच नसतो. समोर माणूस आहे की प्रोग्रॅम हे पण कळत नाही. डिसेंबर २०११ मधे आयर्लंडच्या लेपर्ड्सटाउनला रेस चालू असताना, जिंकत आलेल्या घोडीवर कुणाच्या तरी प्रोग्रॅमनं २९ च्या भावानं खायला कोट्यवधी पौंड मांडले होते, लोकांनी धडाधड लावलं, आणि नंतर बेटफेअरनं ते सगळे सौदे रद्द केले.

भावाच्या पायऱ्या पण सारख्या नसतात हे लवकर कळलं ते बरं झालं. २ ते ३ मधे भाव ०.०२ नं हलतो, ३ ते ४ मधे ०.०५ नं, ४ ते ६ मधे ०.१ नं. म्हणजे ३.९५ च्या घोड्यात एक पायरी सव्वा टक्का आणि ४ च्या वर गेला की तीच एक पायरी अडीच टक्के. नवीन माणूस ह्या ४ च्या आसपास बसतो आणि एक पायरी मिळवायला जाऊन दुप्पट घालवून येतो.

आमचे आण्णा मार्केट यार्डात हळदीच्या आडत दुकानात दिवाणजी होते, आयुष्य गेलं त्यांचं त्यात. आमच्या सांगलीत हळदीचा वायदा पण कैक वर्षं चालायचा, त्यामुळं तेजी-मंदी त्यांच्या रक्तात. एका शनिवारी दुपारी माझी रेस चालू असताना त्यांचा व्हिडिओ कॉल आला, इकडं संध्याकाळ झालेली. मागं स्क्रीन दिसली. लपवण्यात अर्थ नव्हता, सगळं सांगितलं, मला वाटलं आता रेसच्या नादानं कोण कोण बुडालं त्यांची यादी सुरू होणार. ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"म्हंजे सौदा करायचा आन् माल ताब्यात यायच्या आधीच विकून मोकळं व्हायचं?"

"होय आण्णा, तसंच."

"आन् न्हाईच विकला गेला तर?"

"तर तोट्यात विकायचा."

"विकतूस का पण? का बघूया म्हणून थांबतूस?"

मी म्हटलं विकतो. मग जरा थांबून म्हणाले, "आडत-हमाली जाऊन राहतंय काय त्ये सांग." मी ते दहा रेसचं गणित सांगितलं. "मग एवढं शिकून त्ये कशाला करतूस," म्हणाले, आणि आईला फोन दिला.

पण त्यांचा तो 'बघूया' म्हणून थांबण्याचा प्रश्न बरोबर वर्मावर होता. घोड्यांमधे रिस्क कमी का, तर रेस सुरू व्हायच्या आधी भाव पायरी-पायरीनं हलतो, प्रत्येक पायरीवर बाहेर पडायला कुणीतरी समोर असतं. एकदा रेस सुटली की ते संपलं. मग २.७८ चा तोटा घ्यायचा नाही म्हणून थांबलेल्या माणसाचे अख्खे १०० पौंड एका घोड्याच्या पाठीवर बसलेले असतात. आणि रेस नेमकी कधी सुटेल हे नक्की नसतं. एखादा घोडा स्टॉलमधे, म्हणजे सुटायच्या आधी उभं करतात त्या खणात, जातच नाही, मग पाच मिनिटं उशीर, आणि कधी सगळे पटापट आत गेले की वेळेच्या ठोक्याला सुटते. एखाद्याला ऐनवेळी बाद करतात, मग लागलेल्या सगळ्यांचे भाव नियमाप्रमाणं कापले जातात आणि तुमचा जुळवलेला हिशोब वाकडा होतो. म्हणून मी सवय अशी लावली की टीव्हीवर घोडे आत जायला लागले की हिरवं असो तांबडं असो, बंद. ह्या सवयीनं कितीतरी वेळा फायदा सोडावा लागला, भाव नंतर माझ्या बाजूनं पळालेला बघितला, चालतंय.

क्रिकेटमधे पण करून बघितलं, आपला खेळ म्हणून. तिथं ही पायरी-पायरीची सोयच नाही. विकेट पडली की मार्केट सस्पेंड, आणि उघडतं तेव्हा १.६ ची टीम २.१ ला असते, मधल्या भावात बाहेर पडायला कुणी थांबलेलंच नसतं. स्टॉप-लॉस (ठरवलेल्या तोट्याला आपोआप बाहेर पडायची सोय) लावून ठेवला तरी तो लागणार कुणाशी. त्यात आपण टीव्हीवर बघतो ते काही सेकंद मागं असतं. चालू मॅचमधे बेट लागायला मुद्दाम काही सेकंद उशीर ठेवतात, तो ह्याच कारणासाठी, तरी मैदानात बसलेला माणूस पुढंच असतो. २०१४ ला ऑस्ट्रेलियन ओपनमधे एका ब्रिटिश पोराला कोर्टाशेजारनं पॉइंटची माहिती बाहेर पाठवतो म्हणून पकडलं होतं, नंतर खटला मागं घेतला ती गोष्ट वेगळी. सांगायचं हे की कोहली स्ट्रायकर आहे का नॉन-स्ट्रायकर हे तुम्हाला कळतं तेव्हा ते कुणाला तरी आधीच कळलेलं असतं. टेस्टमधे ड्रॉचा भाव पावसावर हलतो, ते जरा बरं, ढग तरी दोघांना सारखेच दिसतात. पण एकूण क्रिकेट मी सोडलं.

परत आल्यावर अर्थात सगळंच बंद झालं, खात्यातली रक्कम बँकेत घेतली आणि खातं बंद केलं. त्यातनं काय कमावलं म्हणाल तर येतानाचं विमानाचं तिकीट आणि घरच्यांना नेलेल्या वस्तू. बरीचशी कमाई त्या फ्री बेटांचीच होती.

आता इकडचं. विश्रामबागला चहाच्या गाड्यावर माझ्या मामाच्या पोरानं मोबाईल पुढं केला, "दादा, ही बघ, माझ्याकडं पण आयडी हाय. तुझ्यासारखंच लगाई-खाई दोन्ही येतंय." आयडी म्हणजे बुकीच्या साइटचं लॉगिन. बघितलं तर खरंच, निळं-गुलाबी सगळं तसंच, भाव पण बेटफेअरला असतात तसलेच. पण खाली सेशन आणि फॅन्सी, पाच ओव्हरमधे किती रन. मी विचारलं, हे तू लावतोस ते समोर कोण घेतंय? तो म्हणाला, सिस्टीम. तर ती सिस्टीम म्हणजे आयडी देणाऱ्याच्या वरचा बुकी. तुझ्या समोर दुसरं गिऱ्हाईक नाही, तोच आहे, भाव त्याचा, निकाल त्याचा, आणि तू जिंकायला लागलास की व्हॉट्सअपवर ब्लॉक करणारा पण तोच. एक्स्चेंजचं नुसतं चित्र आहे ते.

पैसे कसे भरतोस विचारलं तर म्हणे दरवेळी वेगळा यूपीआय नंबर येतो. हे जास्त वाईट. ती भाड्यानं घेतलेली खाती असतात, कुणाच्या तरी फसवणुकीची तक्रार त्या खात्यावर झाली की सायबर पोलीस साखळीतली सगळी खाती गोठवतात, आणि त्या खात्यातनं तुला विड्रॉलचे चार हजार आलेले असले की तुझं पगाराचं खातं पण त्यात सापडतं. त्याच्या मित्राचं तसं झालंय, हे त्यानंच मग हळूच सांगितलं.

आणि कायदा. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासनं आहे. घोड्यांच्या रेसला सुप्रीम कोर्टानं १९९६ साली कौशल्याचा खेळ म्हटलं, त्यामुळं पुण्याला रेसकोर्सवर जाऊन लायसन्सवाल्याकडं लावता येतं, पण त्याचा एक्स्चेंजशी संबंध नाही. ऑनलाइनचं म्हणाल तर २०२५ च्या ऑगस्टमधे संसदेत नवीन कायदा झाला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम सरसकट बंद, कौशल्याचा असो नाहीतर नशिबाचा. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत, आणि बँकांनी असले व्यवहार करायचेच नाहीत. नुसत्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही, पण मामाच्या पोराला मी हे सांगितलं तेव्हा त्याच्या कानावर तेवढंच पडलं, बाकीचं नाही, आणि तो मित्रांना आयडी 'मिळवून' पण देतो.

तिकडं शिकायला किंवा नोकरीला जाणार असाल आणि करूनच बघायचं असेल तर फ्री बेटांपासनं सुरू करा, ट्रेडिंगला दोन पौंडाच्या रकमेनं बसा. पगाराच्या बँकेचं कार्ड त्याला जोडू नका, स्टेटमेंटवर बेटफेअरचं नाव छापून येतं आणि पुढं घराच्या कर्जाला गेलात की समोरचा माणूस तेच पान उघडतो. आणि पहिल्यांदा बघायचं असेल तर मार्चमधे चेल्टनहॅमच्या मोठ्या रेसचे चार दिवस बघा. तिथं पैसा इतका असतो की भाव एका जागी बराच वेळ घुटमळतो, लॅडरवर काय चाललंय ते नीट दिसतं. लहान गावच्या मंगळवार दुपारच्या रेसला बसलात तर एका माणसाच्या दोनशे पौंडानं भाव चार पायऱ्या उडतो आणि तुम्ही कारण शोधत बसता.